होंडा सीबी ५०० (२००१): दोन हिवाळे आणि दोन एमओटीनंतरचा अनुभव

गाडी उत्तम आहे. इंजिनाला अजून हात लावावा लागलेला नाही. आणि तरी माझ्याकडे आल्यावर पहिल्याच एमओटीत, म्हणजे इकडच्या ब्रिटनमधल्या तपासणीत, ती नापास झाली. आपल्याकडून इकडे आलेला माणूस जुनी गाडी बघताना आधी किक मारून, आवाज ऐकून, सायलेन्सरचा धूर बघून 'इंजिन दणकट आहे' म्हणतो आणि पैसे मोजतो. एमओटीला त्या इंजिनाशी जवळपास काही देणंघेणं नसतं. म्हणून हा अनुभव गाडीबद्दल जितका आहे तितकाच त्या तपासणीबद्दलही आहे.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: एमओटी म्हणजे इकडची वार्षिक तपासणी. १९६० साली दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी सुरू झाली, नाव त्या वेळच्या मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टवरून पडलं. आता मोटरसायकलला तीन वर्षं पूर्ण झाली की पहिली एमओटी, मग दरवर्षी एक. ती नसेल तर रोड टॅक्स भरता येत नाही, आणि तशीच चालवताना सापडलात तर १,००० पौंडांपर्यंत दंड. मोटरसायकलसाठी जास्तीत जास्त २९ पौंड ६५ पेन्स घेता येतात, बरेच जण त्याहून कमीच घेतात. महाराष्ट्रात खासगी दुचाकीला पंधरा वर्षं होईपर्यंत आरटीओत तपासायला न्यावं लागत नाही, मधल्या काळात फक्त पीयूसी. गंमत अशी की पीयूसीत नळी घालून धूर मोजतात आणि ब्रेकबद्दल कुणी विचारत नाही, तर इकडे एमओटीत मोटरसायकलचा धूर मोजतच नाहीत, ब्रेकचा मात्र कीस काढतात.

गाडी घेतली २०२३च्या उन्हाळ्यात, लंडनजवळच्या स्लाउमध्ये, ऑफिसला जाण्यायेण्यासाठी. सीबी ५०० हे मॉडेल १९९३ ते २००३ या काळातलं. ४९९ सीसी, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, सहा गिअर, मागे दोन शॉकअप. दिसायला साधी, कुणी वळून बघणार नाही. पण ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी आणि लंडनच्या कुरिअरवाल्यांनी ही गाडी वर्षानुवर्षं पिदडली, आणि जी गाडी त्यांच्या हातून टिकते ती माझ्या हातून टिकेल, एवढा साधा हिशेब होता. सुरुवातीच्या मॉडेलना मागे ड्रम ब्रेक होता, नंतरच्यांना डिस्क आहे. माझी डिस्कवाली.

घेण्याआधी मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो गाडीपाशी नाही, सरकारी वेबसाइटवर. नंबर टाकला की २००५ पासूनच्या सगळ्या एमओटी फुकट दिसतात: पास की नापास, कशात नापास, त्या दिवशी किती मैल झाले होते. गाडीचं प्रगतिपुस्तकच. यात 'ॲडव्हायझरी' नावाचा एक प्रकार असतो. म्हणजे आज पास करतोय, पण इकडे लक्ष ठेवा. माझ्या गाडीच्या नोंदीत 'पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर गंजाचे खड्डे' ही ॲडव्हायझरी लागोपाठच्या वर्षांत जशीच्या तशी आली होती. मग एका वर्षी फोर्कमधून तेल गळतंय म्हणून नापास, आणि त्यानंतर फोर्कबद्दल चकार शब्द नाही. यावरून एवढं कळतं की जुन्या मालकाने वर्षानुवर्षं काही केलं नाही, पण अंगाशी आल्यावर सीलवर भागवलं नाही, नळ्याच बदलल्या. नुसतं सील बदललं असतं तर तेच खड्डे नव्या सीलची धार फाडतात आणि वर्षभरात पुन्हा गळती. मधली काही वर्षं नोंदच नव्हती. गाडी रस्त्यावरून काढून शेडमध्ये ठेवली होती, आणि पुन्हा बाहेर आली तेव्हा मैलांचा आकडा जवळपास तोच. म्हणजे तोही खरा. जाहिरातीतले फोटो बघून यातलं काहीच कळलं नसतं. एकाच वाक्याची ॲडव्हायझरी चार-चार वर्षं दिसत असेल आणि पुढे ते काम झाल्याची काही खूण नसेल, तर ती गाडी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला हिवाळा मी ती रोज चालवली, आणि इथला हिवाळा म्हणजे मीठ. बर्फ पडो न पडो, पारा शून्याच्या आसपास गेला की रस्त्यावर खडेमीठ टाकतात. त्यातलं बरंचसं चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं. ते पाण्यात विरघळून चाकाबरोबर उडतं आणि पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, जाऊन बसतं. कॅलिपर ॲल्युमिनियमचा. ज्या खाचेत रबरी सील बसलेलं असतं तिथे पांढरी पूड धरते, सील आतून फुगल्यासारखं होतं आणि पिस्टनला आवळून धरतं. ब्रेक दाबला की लागतो छान, सोडला की पूर्ण सुटत नाही. चालवताना हे जाणवत नाही.

एमओटीत जाणवलं. टेस्ट करणारे सरदारजी, बऱ्याच वर्षांपासून हेच काम करणारे. काचेच्या अलीकडे बाकडं ठेवलेलं असतं, तिथे बसून बघता येतं, मध्ये बोलायचं नाही. आधी गाडीवर बसून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग पुढचं चाक अधांतरी उचलून फोर्क खालून दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवले, कोनसेटमध्ये, म्हणजे हँडलच्या बेअरिंगमध्ये, खेळ आहे का ते बघायला. मग चाकाला हाताने एक झटका दिला. चाक अर्धा फेरा फिरलं, खर्रर्र करून थांबलं. त्यांनी पुन्हा झटका दिला, पुन्हा तेच. मागे येऊन पायाचा ब्रेक दाबला, वाकून लाल दिव्याकडे बघितलं. दिवा नाही. हाताचा ब्रेक दाबला तर लागतो, पायाच्या ब्रेकने नाही. १ एप्रिल १९८६नंतर रस्त्यावर आलेल्या मोटरसायकलला दोन्ही ब्रेकने दिवा लागलाच पाहिजे. दोन 'मेजर' आणि एक ॲडव्हायझरी: हँडल सरळ असताना कोनसेट किंचित अडकतो. बाहेर येऊन म्हणाले, "इंजिन तो मुझ से भी ज़्यादा चलेगा पुत्तर, पहले ब्रेक खोल."

दोष चार पातळ्यांवर लिहितात, ही पद्धत मे २०१८ पासूनची: डेंजरस, मेजर, मायनर आणि ॲडव्हायझरी. पहिल्या दोन्हींत नापास. पण डेंजरस काही नसेल आणि जुनं सर्टिफिकेट अजून चालू असेल, तर गाडी घरी नेता येते. म्हणूनच एमओटी मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी करू नये. मुदत संपण्याआधी एक महिना वजा एक दिवस इतक्या लवकर केली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. म्हणजे १५ मेला संपत असेल तर १६ एप्रिलपासून करता येते. तेवढा महिना हाताशी असला की पार्ट मागवून घरी काम करता येतं, नाही तर जे गॅरेज समोर असेल ते म्हणेल ती किंमत.

ब्रेक लाइटचा स्विच पायाच्या ब्रेकजवळ, चिखलाच्या तोंडावरच असतो. नवा बसवायला पाच मिनिटं. कॅलिपरला एक आख्खा रविवार गेला. पिस्टन बाहेर काढून सीलची खाच दात साफ करायच्या पिकने खरवडली, आणि जी पांढरी पूड निघाली ती चिमूटभरसुद्धा नव्हती. तेवढ्यानेच चाक धरलेलं. नवी सील, स्लायडरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस, नवं ब्रेक ऑइल. पुन्हा जोडल्यावर चाक फिरवलं तर फिरतच राहिलं. सामानाचा खर्च तीस पौंडांच्या आतबाहेर. हेच काम बाहेर दिलं असतं तर मजुरीच त्याच्या कितीतरी पट, आणि हजार पौंडांच्या आतल्या गाडीला तो खर्च परवडत नाही. ही गाडी स्वतःचे हात काळे करायची तयारी असलेल्यालाच स्वस्त पडते. ज्याला प्रत्येक गोष्टीला गॅरेज लागतं त्याने पाच वर्षं जुनी गाडी घ्यावी.

बाकीची तपासणी पटापट होते आणि त्यात या गाडीने कधी त्रास दिला नाही. टायरची नक्षी मोटरसायकलला किमान १ मिमी चालते, कारला १.६ लागते. ब्रेकची ताकद रोलरवर मोजतात, एका ब्रेकला ३० टक्के आणि दुसऱ्याला निदान २५ टक्के यावी लागते. डिस्क धड असली तर सीबी ५०० ते आरामात देते. मागचा चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, आडवा हलवून बघतात. पुढचं-मागचं चाक एका रेषेत आहे का हेही बघतात, तेव्हा चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. हॉर्न, हेडलाइटचा डिपर, नंबरप्लेट. सायलेन्सर बाजारातला लावला असेल आणि त्यावर 'रस्त्यावर वापरासाठी नाही' असा शिक्का असेल तर सरळ नापास, आवाज कितीही गोड असो. जुन्या सीबी घेताना खाली वाकून बेंड पाइप जिथे एकत्र येतात तो जोड नक्की बघा. मीठ तिथे आधी खातं. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने स्टेनलेस बसवलेला होता, ते एक नशीब.

दुसऱ्या हिवाळ्याआधी कोनसेट बदलून घेतला, हे काम मात्र बाहेर दिलं. आणि हिवाळाभर एकच नेम ठेवला: मिठाच्या रस्त्यावरून आलो की थंड पाण्याने कॅलिपर आणि चाकाची मधली बाजू धुवायची, महिन्यातून एकदा पॅड काढून पिस्टनभोवती ब्रशने साफ करायचं. गरम पाणी नको, त्याने मीठ आणखी जोमाने काम करतं. या वर्षीच्या एमओटीत चाक फिरलं, दिवा लागला, गाडी पास. ॲडव्हायझरी एकच: पुढचं टायर झिजत आलंय. ते मलाही दिसत होतं.

आता इंजिनाचं, कारण एमओटीच्या कागदावर ते येणार नाही. तेल पीत नाही. हायवेवर ७० मैलांच्या वेगाला निवांत चालते, त्यापुढे वारा छातीवर येतो. लिटरला साधारण वीस किलोमीटर. थंडीत सकाळी चोक ओढून मिनिटभर द्यावा लागतो, कार्बोरेटर आहेत, तेवढं मान्य. सप्टेंबर २०२१ पासून इकडचं साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं, झालं आहे. रोजच्या वापरात मला फरक जाणवला नाही, पण गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर मी महागातलं ई५ भरतो. उभ्या कार्बोरेटरमध्ये ई१० राहिलेलं मला आवडत नाही. बॅटरी आणि चार्जिंग ठीक. क्लचची केबल एकदा बदलली. यातलं काहीही बिघडलं असतं तरी एमओटीत पास झाली असती, हे लक्षात ठेवा. सर्टिफिकेट म्हणजे त्या दिवशी ब्रेक, टायर, दिवे आणि बेअरिंग ठीक होते, एवढंच. विकणारा 'बारा महिन्यांची एमओटी आहे' म्हणाला म्हणून व्हॉल्व्हचं सेटिंग झालंय असं होत नाही.

गावाकडे बाबांची स्प्लेंडर आहे. तिचा धूर दरवेळी पास होतो, पुढचं ब्रेक लायनर शेवटचं कधी बदललं ते त्यांनाही आठवत नाही. त्यांना हा कॅलिपरचा किस्सा सांगितला तेव्हा ते म्हणाले, चाक धरत होतं तर उलट बरंच की, ब्रेक लागतोय तरी.

घ्यायची तर कुणी? मोटरसायकलची एमओटी सगळीकडे होत नाही, क्लास १ आणि २ची, म्हणजे मोटरसायकलच्या वर्गांची, परवानगी असलेलं सेंटर जवळ आहे का ते आधी बघा. घरी चार पान्हे आणि पावसात बसायला शेड असेल तर डोळे झाकून. चाळीस वर्षं झाली की बहुतेक गाड्यांना एमओटी लागत नाही, पण सर्वांत जुन्या सीबी ५००सुद्धा २०३३च्या आधी तिथे पोहोचत नाहीत, तेव्हा त्या आशेवर घेऊ नका. आणि लंडनच्या हद्दीत राहत असाल तर मात्र विचार सोडूनच द्या. ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणारी हद्द, सगळ्या लंडनभर आहे, धुराचं युरो ३ हे मानक न पाळणाऱ्या मोटरसायकलला दिवसाला साडेबारा पौंड, आणि साधारण २००७च्या आधीच्या गाड्या बहुतेक त्यात येतात. लंडनमधल्या डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गणपतीला जायचं असलं की मी गाडी स्लाउला ठेवून ट्रेनने जातो.