घरच्या स्टेकसोबत फ्रातेल्लीची सेत्ते : घ्यावी का?

थोडक्यात सांगायचं तर घ्या, पण नुसती प्यायला नको, जेवणासोबतच घ्या. सेत्ते ही फ्रातेल्ली कंपनीची अकलूजची रेड वाईन, हो आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज, सांजोवेझे आणि कॅबरने सॉव्हिन्यों या दोन द्राक्षांची, फ्रेंच ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली, आणि ती बनवण्यामागे पिएरो मासी नावाचा टस्कनीचा माणूस. उघडल्या उघडल्या पहिला घोट घेतलात तर तुरट लागेल, जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी कोरडी होते अगदी तसं. आमच्यातल्या एकाने तिथेच तोंड वाकडं केलं आणि बर्फ मागितला, त्याला म्हटलं थांब जरा, स्टेक पोटात जाऊ दे मग बोल.

आता स्टेक, म्हणजे तव्यावर भाजलेला मांसाचा जाड तुकडा. महाराष्ट्रात गाय-बैल बंद आहे त्यामुळे म्हशीचंच, खाटकाकडे अंडरकट मागा (पाठीच्या कण्याखालचा मऊ भाग), टेंडरलॉइन म्हटलं तरी कळतं. आम्ही पुण्यात कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून आणतो. वरचा पांढरा चिवट पडदा काढून घ्यायचा, दोन बोटं जाड तुकडे करायचे, पाऊण तास आधी मीठ लावून ठेवायचं आणि बस्स. पपई बिपई अजिबात लावू नका, मांसाचा लगदा होतो. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवायचा, दोन्ही बाजू चांगल्या लाल करायच्या, मग आच कमी करून बटर आणि ठेचलेला लसूण टाकून तेच बटर चमच्याने वरून सोडत राहायचं. हे बटर फक्त चवीसाठी नाही बरं का, म्हशीच्या अंडरकटला चरबी जवळपास नसतेच, आणि रेड वाईनचा तुरटपणा मऊ होतो तो मांसातल्या प्रोटीनने, चरबीने आणि मिठाने. कोरडा वेलडन, म्हणजे आतपर्यंत पूर्ण शिजलेला स्टेक केलात तर वाईनला दोष देऊ नका. मीडियम रेअर करा, म्हणजे मधे गुलाबी, आत ५५ डिग्रीच्या आसपास, पाच मिनिटं तसाच ठेवून मग कापा. ताटात जे लाल पाणी सुटतं ते रक्त नसतं, मायोग्लोबिन म्हणजे मांसातलं लाल रंगाचं प्रोटीन असतं, हे दर वेळी कोणाला ना कोणाला सांगावं लागतंच.

एक घास स्टेक आणि मग तोच घोट, फरक लगेच कळतो. तुरटपणा मागे जातो, काळ्या चेरीसारखं काहीतरी पुढे येतं, आणि सांजोवेझेच्या आंबटपणामुळे बटर जड वाटत नाही. बर्फवाल्याने दुसरा ग्लास स्वतःहून भरून घेतला, यापेक्षा मोठा रिव्ह्यू काय असणार. त्याच रात्री एकाने इंपोर्टेड बाटली आणलेली (नाव नको), लेबल झकास पण वाईन पातळ आणि गोडसर, स्टेकपुढे पार पाणी वाटली.

टेंपरेचरचं मात्र सांभाळा. रूम टेंपरेचरला प्या म्हणतात ते युरोपातल्या थंड घरांसाठी, पुण्याच्या एप्रिलमध्ये रूम टेंपरेचर म्हणजे काढाच. १६ ते १८ डिग्री हवं, म्हणून प्यायच्या तासभर आधी काचेच्या जगमध्ये ओता आणि तेवढी गार होईपर्यंत तो जग फ्रीजमध्येच ठेवा, डिकँटर घ्यायची काही गरज नाही.

आणि ठेचा! कोणीतरी हौसेने आणतोच. तिखटाने वाईनचा तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही अंगावर येतात, सगळी मजा गेली. ठेचा दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर खा. सोबत भाजलेले बटाटे, मशरूम पुरे. मिरीचा सॉस करणार असाल तर सेत्तेपेक्षा नाशिकची शिराझ द्राक्षाची रेड वाईन बघा, सुलाची रासा वगैरे, मिरीशी ती जास्त जमते.

किंमत म्हणाल तर स्वस्त नाही, रोजची बाटली नव्हे. ७५० मिलीमध्ये बेताचे पाच ग्लास होतात, तेव्हा चौघं असाल तर दोन बाटल्या आणा आणि त्या दिवशी ड्राय डे नाही ना ते आधी बघा.