विहीर की बोअर? सोलापूरच्या खडकात शेतीला काय परवडतं

सोलापूर जिल्हा जवळपास सगळा बेसाल्टवर आहे. वरचा मुरूम, त्याखालचा मांजऱ्या (मुरूम आणि पाषाण यांच्या मधला मऊसर खडक) आणि भेगाळलेला पाषाण, पाणी काय ते एवढ्यातच. अखंड काळा पाषाण लागला की पुढचे दोनशे फूट कोरडे जाऊ शकतात. खोल गेलं की पाणी वाढतं, हा हिशेब इथं धरू नका.

आधी साठा बघा. 20 फूट व्यासाच्या विहिरीत फूटभर पाणी म्हणजे सुमारे 8,900 लिटर. साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला जेमतेम साडेसहा लिटर. शेतीची वीज आठ तास. तासाला 1,000 लिटरचा झरा विहिरीत चोवीस तास पाझरतो, दिवसाला 24,000 लिटरच्या आसपास हाती येतात. तोच झरा बोअरला लागला तर मोटर बंद असताना पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत चढून थांबतं, मिळतात आठेक हजार. उन्हाळ्यात एकराला रोज 5 मिलिमीटर धरलं तरी 20,000 लिटर लागतात. म्हणून सांगोला-मंगळवेढ्याकडे बारीक झऱ्यावर ठिबक चालवायचं असेल, तर आमचं मत सरळ विहिरीला. गुंठाभर जमीन जाईल आणि मुरमाच्या भागाला बांधकाम करावं लागेल; त्यात पाझरासाठी भोकं सोडायला विसरू नका.

घर, गोठा यांना बोअर बरं. एका दिवसात होतं, जागा अडत नाही. मात्र केसिंग, म्हणजे बोअरच्या आत बसवायचा पाइप, मुरूम संपून पक्क्या पाषाणात दोन-तीन फूट बसलंच पाहिजे. वरच थांबवलं तर खडे आत येतात आणि मोटर अडकते. मध्ये गेरूचा लाल थर असेल तर तो भिजून ढासळतो, तो थर ओलांडून केसिंग न्यावं लागतं.

‘दोन इंच पाणी लागलं’ यावर मोटर घेऊ नका. हे इंच पाणी मोजायच्या पट्टीच्या V आकाराच्या खाचेतली पाण्याची उंची असते; काटकोनी खाचेवर (व्ही-नॉच) एक इंच म्हणजे तासाला सुमारे 500 लिटर, दोन इंच म्हणजे सुमारे 2,900. इंच दुप्पट, पाणी साडेपाच पट! बोअरची खरी ताकद मे महिन्यात सलग उपसा करून कळते.

विहीर आहे पण आटते, अशांनी नवं बोअर मारण्याआधी तळाजवळच्या मांजऱ्यात आडवी बोअर मारून बघावीत. झरे आले तर साठा तयारच आहे. आणि सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत विहीर किंवा बोअर खोदायचं तर आधी परवानगी.