मोल्ड लिंकर: वेगाला पैकीच्या पैकी, बाकी जपून

पावसाळ्यात मालवण-वेंगुर्ल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. मोठा प्रोग्रॅम सोर्सवरून बिल्ड करताना शेवटचं लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणं) झटपट उरकलेलं बरं, आणि तिथे मोल्ड हा वेगवान लिंकर खरंच कामाचा. डेबियन १२ या लिनक्सवर ॲप्टने (पॅकेज बसवायच्या कमांडने) बसतो; लिंकर फ्लॅगमध्ये '-एफयूज-एलडी=मोल्ड' टाकलं की झालं. जीसीसी हा कंपायलर १२.१ च्या आधीचा असेल तर हा फ्लॅग चालत नाही.

एरर मात्र जादूने जात नाहीत. 'लायब्ररी नॉट फाउंड: झेड' आलं तर झेडलिब ही लायब्ररी मशीनवर असेलही, पण तिचं डेव्ह पॅकेज (बिल्ड करताना लागणाऱ्या फाइली) नसतं, 'झेडलिब१जी-डेव्ह' टाका. 'अनडिफाइन्ड सिम्बॉल'च्या नावात 'सीएक्सएक्स११' दिसलं, तर लायब्ररी आणि प्रोग्रॅम बहुधा वेगवेगळ्या सी प्लस प्लस एबीआयने (बिल्ड झालेले भाग एकमेकांशी जुळण्याच्या नियमांनी) बिल्ड झालेत. दोन्ही एकाच सेटिंगने पुन्हा करा.

खरी गोम पुढेच. जीएनयू लिंकर (लिनक्सवरचा नेहमीचा) कमांडमधल्या स्टॅटिक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅममध्येच जोडल्या जाणाऱ्या लायब्ररी, डावीकडून उजवीकडे वाचतो. लायब्ररी ऑब्जेक्ट फाइलच्या (कंपाइल झालेल्या तुकड्याच्या) आधी लिहिली तर तिच्यातलं हवं ते उचलतच नाही. मोल्डला या क्रमाचं सोयरसुतक नाही. मग तुमच्याकडे मोल्डने सुरळीत झालेला बिल्ड जीएनयू लिंकर वापरणाऱ्या रत्नागिरीच्या मित्राकडे 'अनडिफाइन्ड रेफरन्स' देत आपटतो. (आणि दोष जातो त्याच्या लॅपटॉपला!) पॅच (कोडमधला बदल) पाठवण्याआधी एकदा जीएनयू लिंकरने तपासाच.

४ जीबी रॅमवर 'सिग्नल ९' आला तर मेमरी संपली समजा. 'मेक -जे१' (एका वेळी एकच काम) करा, डीबग माहितीचा '-जी' काढा. लिनक्स कर्नल बिल्ड करायला मोल्ड नको, कर्नलला लागणाऱ्या लिंकर स्क्रिप्टना (कुठला भाग कुठे बसवायचा ते सांगणाऱ्या फाइलींना) मोल्डचा आधार तुटपुंजा आहे.