बोअरच्या पाण्यावर अ‍ॅक्वापॉनिक्स: नाशिकच्या अंगणातला अनुभव

अ‍ॅक्वापॉनिक्स म्हणजे एकाच फिरत्या पाण्यावर मासे आणि भाजी वाढवणं. आधी निकाल सांगतो, मग कारणं. भाजी स्वस्तात मिळावी म्हणून हे करणार असाल तर करू नका. तेवढ्या पैशात मंडईतून कित्येक वर्षं पालक-अळू येईल. मासे खाण्यासाठी म्हणूनही नको. पण पाण्यात काय चाललंय हे ओळखत बसायला ज्याला आवडतं, त्याला याचं वेड लागतं. मला लागलंय. गेल्या गणपतीनंतर सुरू केलं, आता पावसाळाही बघून झाला, म्हणून लिहितोय.

मांडणी साधी आहे. पिंजऱ्यातली १००० लिटरची जुनी प्लास्टिक टाकी माशांना. दुसरी तशीच टाकी आडवी कापून तिचे दोन वाफे, एक फूट खोल, खडीने भरलेले. पंप माशांचं पाणी वाफ्यात चढवतो, ते खडीतून झिरपून परत टाकीत येतं. माशांच्या विष्ठेतला आणि कल्ल्यांतून निघणारा अमोनिया खडीवरचे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते झाडं खातात. जुनी टाकी घेताना आधी तिच्यात काय भरलेलं होतं हे लेबल वाचूनच ठरवा. लेबल फाडलेली टाकी कितीही स्वस्त असली तरी नको. पांढऱ्या टाकीत ऊन शिरतं आणि शेवाळ माजतं, म्हणून बाहेरून काळा आणि त्यावर पांढरा रंग दिला.

सगळं अंगणात आहे, गच्चीवर नाही. इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५, त्यात माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरलेला असतो. फूटभर खडीचा ओला वाफा चौरस मीटरला ६०० किलोच्या आसपास जातो. गच्चीवर मांडलेल्या सेटअपचे फोटो बघून भुलण्याआधी घर बांधणाऱ्या इंजिनिअरला एक फोन करा. गच्चीच हवी असेल तर भाजलेल्या मातीचे हलके गोळे मिळतात, पण ते खडीच्या मानाने खूप महाग पडतात. मी वीस एमएमची काळी खडी घेतली. आपली बेसाल्टची खडी पाण्याशी भांडत नाही. शंका असेल तर मूठभर खडीवर व्हिनेगर टाका. फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे, ती नको.

खरा किस्सा पाण्याचा. परदेशी माहितीत सगळीकडे पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कधर्मी याचं माप; ७ म्हणजे मधोमध) ७ च्या जरा खाली ठेवा असं असतं, कारण मासे, जिवाणू आणि झाडं या तिघांचं तिथे जमतं. आमच्या बोअरच्या पाण्याचा पीएच ८ च्या वर आणि क्षार भरपूर. असल्या पाण्यात अमोनिया जास्त घातक होतो. ३० अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्कासुद्धा विषारी रूपात नसतो, पीएच ८ ला तोच सात टक्क्यांवर जातो. म्हणून सुरुवातीचे पाच-सहा आठवडे अगदी थोडे मासे, चिमूटभर खाद्य आणि रोज थेंबांच्या किटने तपासणी. नायट्राइट चढलं तेव्हा लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने खडेमीठ टाकलं. मिठातला क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटला अडवतो. एका मित्राच्या फिश टँकमधला जुना स्पंज वाफ्यात पुरल्याने जिवाणू लवकर बसले असावेत.

हिवाळ्यात पालकाची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. हे लोहाचं. माशांच्या खाद्यात लोह झाडांना पुरेल इतकं नसतं, आणि जे असतं ते चढ्या पीएचला पाण्यात टिकत नाही. इथे नाशिकला राहण्याचा फायदा झाला. द्राक्षवाल्यांमुळे कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोहाचे, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेल्या लोहाचे, सगळे प्रकार मिळतात. ईडीटीएवालं स्वस्त असतं, पण पीएच साडेसहाच्या वर गेला की त्याचा उपयोग संपत जातो. डीटीपीए सात-साडेसातपर्यंत चालतं. आमच्यासारख्या पाण्याला ईडीडीएचएच घ्यावं लागतं. ६ टक्क्यांच्या भुकटीचे ३३ ग्रॅम १००० लिटरला टाकले की लिटरला २ मिलिग्रॅम लोह होतं. पाणी लालभडक होतं. घरच्यांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मासे कापले की काय असं वाटलं त्यांना! मासे निवांत होते, आणि पुढची पानं हिरवी आली.

उन्हाळ्यात अवघड झालं. एप्रिलमध्ये पाणी उडतं, क्षार मागे राहतात, त्यात आपण पुन्हा बोअरचंच पाणी ओततो. पीएच काही केल्या हलत नव्हता. मग जूनमध्ये पत्र्यावरच्या पन्हळीचं पाणी ड्रममध्ये धरायला लागलो, पहिला पाऊस वाहून जाऊ दिल्यावर. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. पीएच हळूहळू सातवर आला आणि तिथे न थांबता खाली निघाला. कारण जिवाणूंचं कामच आम्ल तयार करतं. शंभर ग्रॅम खाद्यातून साधारण तीन ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन निघतो, आणि तो पचवताना सुमारे वीस ग्रॅम चुनखडीइतकी क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, खर्च होते. झाडं नायट्रेट घेताना त्यातली थोडी परत करतात, सगळी नाही. म्हणजे ज्या बोअरच्या पाण्याला उन्हाळाभर शिव्या घातल्या, तेच पावसाळ्यात औषध. सध्या तीन भाग पावसाचं, एक भाग बोअरचं असं टाकतो. तेही पुरलं नाही तर विरवलेल्या चुन्याची निवळी, अगदी थोडी थोडी. पीएच एका दिवसात उडवायचा नाही, माशांना तो धक्का सोसत नाही.

मासे: निफाडच्या थंडीच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, ती थंडी आमच्या अंगणातही उतरते. चिलापी (तिलापिया) सगळीकडे सुचवतात, पण पाणी १६-१७ अंशांच्या खाली गेलं की ती खाणं सोडते आणि दहा-बाराला दगावते. शिवाय तिच्या संवर्धनाला परवानगी लागते. थाई मांगूरवर तर बंदीच आहे. म्हणून सायप्रिनस (कॉमन कार्प) घेतले. थंडीत सुस्तावतात, कमी खातात, पण तग धरतात. वीसेक आहेत, मोठे अर्धा किलोपर्यंत पोचलेत. कापायचे म्हटलं की मुलगी टाकीपाशी जाऊन उभी राहते, तेव्हा तो विषय बंद आहे.

पंप आधी चोवीस तास चालायचा, घंटी सायफन लावून, म्हणजे वाफा भरला की पाणी आपोआप एकदम खाली सोडणारी नळी. सायफन बघायला मस्त, पण प्रवाह जरा कमी झाला की नुसता ठिबकत राहतो आणि पुदिन्याची मुळं त्यात शिरतात. आता टायमर आहे, तासातून पंधरा मिनिटं. ४० वॉटचा पंप सतत चालवला तर महिन्याला २९ युनिट, टायमरवर सातेक. हवेचा पंप मात्र कधीच बंद करायचा नाही. तो इन्व्हर्टरवर आहे. वीज गेल्यावर झाडं दिवसभर थांबतील, दाटीतले मासे काही तासही थांबणार नाहीत. कूलरचा पंप लावू नका, तो या कामाला टिकत नाही.

भाजीत अळू पहिला नंबर. पानं सुपाएवढी झाली, वड्या शेजारीपाजारी वाटल्या. नाळीची भाजी आणि पुदिना आवरता येत नाहीत. पालक थंडीत उत्तम, मेमध्ये लगेच तुऱ्यावर येतो. कोथिंबीर ठीक. मेथीचा नाद सोडला. ती कुंडीतच बरी. टोमॅटोला फुलं भरपूर, फळं बेताची, कारण खाद्यात पालाश (पोटॅश) कमी असतं. ०:०:५० हे पालाशाचं खत थोडं थोडं विरघळवून दिल्यावर फरक पडला. दिवसाला किती खाद्य पडतं त्यावर भाजी ठरते. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) २०१४ च्या पुस्तिकेत पालेभाजीला चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य असा हिशेब आहे, तो माझ्याकडे बरोबर लागू पडला.

मावा किंवा बुरशी आली की हात बांधलेले. बोर्डो मिश्रण, मोरचूद काही चालत नाही, तांबं माशांना मारतं. निंबोळी तेलही टाकीच्या जवळ नको. पाण्याचा जोरदार फवारा आणि जास्त लागलेली फांदी कापून टाकणं, एवढंच. वाफ्यात गांडुळं सोडली आहेत, ती गाळ खातात आणि भरणं-उतरणं सहज सोसतात. पावसाच्या ड्रममध्ये डास होतात, तिथे गप्पी मासे सोडा, म्हणजे डेंग्यूच्या तपासणीला महापालिकेची माणसं आली तरी चिंता नाही.

कुणी सुरू करणार असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. दिवाळीनंतर केलं तर थंडीत जिवाणू बसायला फार वेळ घेतात. आणि टाकीच्या आधी पावसाच्या पाण्याची साठवण बांधा. मी ती आता बांधतोय, २००० लिटरची, पन्हळीच्या खालीच.