यूपीआरटी: कोर्स झकास, व्हिडिओचा व्यवहार भंगार

ॲरिझोनात एक्स्ट्रा ३०० या कसरतींच्या विमानावर यूपीआरटी करून बरेच महिने झाले. यूपीआरटी म्हणजे अपसेट, अर्थात विमान भलतंच कलणं-उलटणं, टाळण्याचं आणि त्यातून सावरण्याचं प्रशिक्षण. मध्यंतरी एअरबस ए-३२० चं टाइप रेटिंगही (त्या प्रकारचं विमान उडवायची परवानगी) उरकलं. तरी आज लिहायला बसले ती वैतागून. कॉकपिटमधल्या कॅमेऱ्याचे वेगळे पैसे मोजूनही शेवटच्या फ्लाइटचा व्हिडिओ अजून हातात नाही. आधी "लिंक पाठवतो", मग "कार्ड करप्ट झालं", आता तर ईमेलला उत्तरच नाही. पैसे परत करण्याचं कुणी नावही काढत नाही. डॉलरचे रुपये करून बघितले की जास्तच चिडचिड होते.

कोर्सबद्दल मात्र तक्रार नाही. युरोपात डिसेंबर २०१९ पासून तो सक्तीचा आहे, किमान ५ तास थिअरी आणि ३ तास प्रत्यक्ष विमानात. मी हौसेनं, म्हणजे बाबांच्या पैशांनी केला. सीपीएलचे (व्यावसायिक पायलटच्या परवान्याचे) २०० तास भरेपर्यंत ६० अंशांपलीकडचा बँक, म्हणजे विमानाचा कल, मी पाहिलेलाच नव्हता. इथे पहिल्याच दिवशी पाठीला पॅराशूट बांधून उलटं टांगतात. जमीन डोक्यावर आली की हात आपोआप स्टिक ओढायला जातो, आणि त्या स्थितीत ओढलं की नाक आणखी खाली जाऊन वेग भरमसाट वाढतो. आधी पुश करून पंखांवरचा भार कमी करायचा, मग रोल करून विमान सरळ, मग थ्रस्ट म्हणजे इंजिनाचा जोर, शेवटी स्थिर. पुस्तकात हे चार शब्द आहेत. हातात उतरायला पोटातलं सगळं ढवळून निघावं लागतं.

१ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' बांद्र्यासमोर समुद्रात पडलं, २१३ माणसं गेली. कॅप्टनचा ॲटिट्यूड इंडिकेटर (विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण) चुकीचं दाखवत होता, बाहेर अंधारा समुद्र, क्षितिज नाही. मुंबईकर म्हणून हा अपघात लहानपणापासून ऐकलेला, पण त्यात नेमकं काय झालं असेल ते मला एक्स्ट्रात डोळे मिटून बसल्यावर उमगलं. विमान कुठे कललंय हे कान सांगतात (तोलाची जाणीव तिथूनच येते) ते साफ खोटं असतं.

एक गोष्ट खटकली. स्पिनमध्ये, म्हणजे विमान गरगरत खाली जात असताना, उलट्या बाजूचा पूर्ण रडर (शेपटावरचं पायाने हलवायचं सुकाणू) मारायची सवय लागते, आणि एअरलाइनच्या विमानात तोच पाय घातक ठरू शकतो. २००१ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन एअरलाइन्सच्या ए-३०० चं शेपूट रडरच्या अतिवापरानं तुटलं, आणि चौकशीत कंपनीच्या अपसेट ट्रेनिंगवरही बोट ठेवलं गेलं. यावर कोर्समध्ये एकच स्लाइड! निदान तासभर द्यायला हवा होता. पुढे टाइप रेटिंगच्या सिममध्ये (सिम्युलेटरमध्ये) सर माझ्यावर ओरडले, "पाय आवर!"

आता पुन्हा व्हिडिओ. सुरुवातीला वाटलं होतं, नातेवाइकांना दाखवायची चैन. टाइप रेटिंगच्या वेळी मत बदललं. सिम डुलतं, हलतं, पण शरीरावर सलग २ जी, म्हणजे वजनाच्या दुप्पट भार, ठेवू शकत नाही. तिथला अपसेट अंगाला लागत नाही. मग रोज रात्री आधीच्या फ्लाइट्सचे व्हिडिओ लावायचे. विमान उलटल्यावर माझा चेहरा क्षणभर पार कोरा होतो, मग हात हलतो. तो कोरा क्षण किती कमी झाला, हे दुसरं कुठे दिसणार? आणि शेवटची फ्लाइट तर निव्वळ अचानक दिलेल्या अपसेटचीच होती. नेमकी तीच गायब.

स्वतःचा कॅमेरा लावू देत नाहीत. कॉकपिटमध्ये सुटी वस्तू नको, हे पटतं. मग कार्ड विमानातून उतरल्या उतरल्या कॉपी करून द्यायला काय होतं? जाणार असाल तर व्हिडिओ फीमध्येच धरलाय असं आधी लिहून घ्या, आणि सकाळचा स्लॉट मागा. दुपारी वाळवंट तापलं की हवा इतके हिसके देते की उलटीची पिशवी आधीच हातात येते.

कोर्सला पाचपैकी साडेचार. व्हिडिओला शून्य, आणि कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे पैसे परत मिळवण्याचा, अर्ज टाकलाय.