केंटची वर्दळ मोजताना: ब्रिटिश वाहतूक खात्याची आकडेवारी-सेवा

काउंटी क्रिकेटमुळे आपल्याला नावाने परिचित असलेल्या केंटमधून डोव्हर बंदराकडे मालवाहू ट्रकांची रीघ लागलेली असते. तेथील वर्दळ वर्षानुवर्षे कशी बदलत गेली हे पाहण्यासाठी ब्रिटनच्या वाहतूक खात्याची रस्ते-वाहतूक आकडेवारीची सेवा मी मुद्दाम याच काउंटीसाठी वापरून पाहिली. ती विनामूल्य आहे, आणि त्यातील तक्ते उतरवून घेऊन पुन्हा वापरण्यास मुभा आहे.

नकाशावर एम२० किंवा ए२ रस्त्यावरचे एखादे गणनाबिंदू (वाहने मोजण्याचे ठरलेले ठिकाण) निवडले की वर्षातल्या सरासरी दिवशी तेथून किती वाहने जातात याचे आकडे समोर येतात. सायकल, दुचाकी, मोटार, बस आणि हलकी मालवाहू वाहने वेगळी दाखवलेली असतातच. शिवाय अवजड ट्रकांचेही आसांच्या (अ‍ॅक्सलच्या) संख्येनुसार आणि बांधणीनुसार सहा गट केलेले असतात. केंटसारख्या काउंटीत एकूण आकड्यापेक्षा हे गटच अधिक बोलके ठरतात, कारण मोटारी आणि ट्रक यांची वाढ-घट एकाच चालीने होत नाही. संपूर्ण क्षेत्राची वाहतूक वाहन-मैलांत, म्हणजे सर्व वाहनांनी मिळून कापलेल्या मैलांत, दिली जाते आणि ती मालिका १९९३ पर्यंत मागे जाते.

मात्र हे आकडे कसे तयार होतात हे जाणून न घेता ते वापरणे धोक्याचे आहे. ब्रिटनभर दरवर्षी सुमारे ८,००० ठिकाणी प्रशिक्षित गणक रस्त्याच्या कडेला थांबून सकाळी ७ ते संध्याकाळी ७ असे १२ तास वाहने मोजतात, तेही मार्च ते ऑक्टोबर या काळात आणि शाळांच्या व सार्वजनिक सुट्या वगळून. स्वयंचलित यंत्रांच्या वर्षभराच्या नोंदींवरून मग त्या एका दिवसाचे वार्षिक सरासरीत रूपांतर केले जाते. ज्या वर्षी एखाद्या ठिकाणी गणना होत नाही, त्या वर्षीचा आकडा तशाच प्रकारच्या रस्त्यांच्या कलावरून काढलेला असतो. आकडा प्रत्यक्ष मोजलेला आहे की अंदाजित, हे सांगणारा रकाना तक्त्यात आहे. तो न वाचता आलेख काढणाऱ्याची गत काय होते, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. लहान रस्त्यांची तर केवळ नमुना-पाहणी होते, त्यामुळे एखाद्या गावातील गल्लीचा वाद या आकड्यांवर मिटवता येणार नाही. विशिष्ट रस्त्यांचे अंदाज कमी भरवशाचे असतात, हे खाते स्वतःच सांगते, ही बाब मला विशेष आवडली.

सरासरीत काय बुडून जाते याचे उदाहरणही केंटचेच आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात इंग्लिश खाडीपलीकडे फ्रान्सला जाणारी वाहतूक विस्कळीत झाल्यामुळे एम२० चे काही भाग बंद करून तेथे ट्रक उभे करावे लागले होते. वर्षाच्या एका आकड्यात तो गोंधळ शोधूनही सापडत नाही. असे दिवस अभ्यासायचे असतील तर इंग्लंडच्या महामार्ग यंत्रणेची दर १५ मिनिटांच्या नोंदी देणारी वेगळी सेवा गाठावी लागते, पण ती प्रमुख महामार्गांपुरतीच आहे.

आणखी एक खाचखळगा आहे. मेडवे हा केंटच्या उत्तरेकडील शहरी भाग १९९८ पासून स्वतंत्र प्रशासकीय क्षेत्र असल्याने यादीतून केंट निवडल्यास तेथील वाहतूक हिशेबात येत नाही; मेडवेसह केंटचे आकडे हवे असतील, तर दोन्ही क्षेत्रांचे वाहन-मैल आपणच एकत्र करावेत.