तुर्भ्याच्या गॅरेजमधून घेतलेला बनावट फ्युएल पंप

तुर्भे औद्योगिक वसाहतीतील एका गॅरेजने माझ्या गाडीत नामांकित परदेशी कंपनीच्या नावाचा हाय-फ्लो फ्युएल पंप बसवला, त्याचे जवळपास अस्सल मालाइतके पैसे घेतले आणि तो पंप बनावट निघाला. त्या पंपापायी पुढे इंजिनाचा एक पिस्टन गेला. ठाणे आणि नवी मुंबईत जुन्या टर्बो पेट्रोल गाड्यांची ताकद वाढवून घेणारे बरेच जण आहेत आणि त्यांतील काहींच्या गाड्यांत आज असाच पंप फिरत असण्याची शक्यता आहे. बनावट माल विकणे हा या व्यवहाराचा एक भाग झाला. तो माल उघडा पडू नये म्हणून पहिल्या दिवसापासून जी तजवीज केलेली होती, ती मला अधिक गंभीर वाटते आणि तिच्याविषयीच मुख्यतः सांगायचे आहे.

गाडी १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, जुन्या पद्धतीची, म्हणजे जिच्यात इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये न फवारता त्याच्या तोंडाशी इंधन फवारतो अशी आहे. मोठा टर्बो आणि नवा मॅप, म्हणजे किती इंधन द्यायचे आणि ठिणगी कधी टाकायची हे ठरवणारा इंजिनाच्या संगणकातील तक्ता, टाकल्यावर तिची ताकद सुमारे २५० अश्वशक्तीपर्यंत गेली होती. मूळ पंप गाडीच्याच वयाचा असल्यामुळे तो बदलणे क्रमप्राप्त होते, आणि गॅरेजच्या मालकाने ताशी २५५ लिटर क्षमतेचा पंप सुचवला. या वर्गातील पंप जगभर वापरले जातात. वॉलब्रोचा २५५ आणि बॉशचा ०४४ ही त्यांतली सर्वांना ठाऊक असलेली नावे, आणि नक्कलही याच दोघांची सर्वाधिक होते. किंमत फारच कमी सांगितली असती तर तिथेच संशय आला असता. पण सांगितलेली किंमत आयात शुल्क भरून आलेल्या खऱ्या पंपाला शोभेल अशीच होती. स्वस्त म्हणजे बनावट आणि महाग म्हणजे अस्सल हा आपला ठोकताळा विक्रेत्यांनाही पाठ असतो.

पुढील सगळा वाद ज्या हिशोबावर उभा राहिला तो समजून घेणे आवश्यक आहे. टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरात एका अश्वशक्तीमागे ताशी साधारण पाव किलोहून थोडे अधिक पेट्रोल लागते. २५० अश्वशक्तीला हे प्रमाण ताशी नव्वद लिटरच्या आसपास जाते. सध्या पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या, पेट्रोलमधील इथेनॉल तेवढ्याच हवेसाठी अधिक इंधन मागते, त्यामुळे ही गरज आणखी सात-आठ टक्क्यांनी वाढते आणि शंभराच्या जवळ पोहोचते. मात्र पंपाच्या खोक्यावरचा २५५ हा आकडा ठराविक दाबाला आणि साधारण साडेतेरा व्होल्टला मोजलेला असतो. दाब वाढला किंवा व्होल्टेज उतरले की प्रवाह कमी होतो. माझ्या इंजिनात रेलचा, म्हणजे इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीचा, मूळ दाब ३ बार आहे आणि दाब सांभाळणारा रेग्युलेटर बूस्टच्या, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाच्या, प्रमाणात तो वाढवतो, म्हणजे १.२ बार बूस्टला पंपाला ४.२ बार दाबाविरुद्ध इंधन ढकलावे लागते. अस्सल पंप या दाबालाही माझ्या गरजेच्या जवळपास दुप्पट इंधन देतो. थोडक्यात, खरा पंप असता तर तो अर्ध्या क्षमतेवर निवांत चालला असता आणि 'तुमच्या मॅपने पंपावर जास्त भार टाकला' हे गॅरेजचे नंतरचे म्हणणे उच्चारण्याचीही सोय उरली नसती.

नकली पंपाची खरी अडचण ही की तो सुरुवातीला उत्तम चालतो. सकाळी, टाकी भरलेली असताना, पाम बीच रस्त्यावर गाडी अशी पळाली की गॅरेजवाल्याला पेढे द्यावेसे वाटले. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी पाव भागावर आली, ऊन चढले आणि रेलकडून परत येणाऱ्या गरम इंधनाने उरलेले पेट्रोलही तापवले की त्याची खरी परीक्षा सुरू होते. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला, एप्रिलच्या दुपारी, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळू लागली. हवा-इंधन प्रमाण दाखवणारा गेज बूस्टमध्ये बाराच्या आत राहायला हवा, तो चौदाकडे सरकत होता. बूस्टमध्ये इंधन कमी पडले की ज्वलनाचे तापमान वाढते, मिश्रण वेळेआधी आपोआप पेटते आणि त्या ठोक्यांनी पिस्टनच्या रिंगांमधील कडा तुटतात. हे माहीत असल्यामुळे मी लगेच गॅरेज गाठले.

तिथे जे झाले ते वाचकांनी नीट पाहावे, कारण फसवणुकीचा दुसरा अंक तिथेच रंगला. आधी स्पार्क प्लगचा गॅप जास्त आहे असे निदान झाले आणि नवे प्लग बिलात आले. तक्रार कायम राहिली तेव्हा दोष ई-२० वर गेला. मॅपमध्ये इंधन वाढवून देतो म्हणून पुन्हा पैसे घेतले गेले. पंप जे देऊच शकत नाही ते मॅपमध्ये मागून काय उपयोग, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही. त्यानंतर वायरिंगची पाळी आली. ही शंका एरवी रास्त आहे, कारण मोठा पंप मूळ पंपापेक्षा बराच जास्त करंट ओढतो आणि कारखान्यातून आलेल्या बारीक वायरीत व्होल्टेज गळते. परंतु माझ्या पंपाला बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणि रिले याच गॅरेजने बसवून दिला होता आणि चालू पंपाच्या कनेक्टरवर मोजलेले व्होल्टेज तेराच्या वर होते. मोजलेला आकडा समोर ठेवल्यावर मालक म्हणाले, "साहेब, पंपाचं काही नाही. मोठा टर्बो आहे, एवढं तर चालायचंच."

रेलवर प्रेशर गेज लावून गरम इंजिनावर बूस्टमध्ये गाडी तपासावी, एवढी साधी मागणी प्रत्येक वेळी टोलवली गेली. ही तपासणी फारशी वेळखाऊ नाही, महागही नाही, आणि तिच्यातून दोष इंधनाच्या दाबाचा आहे की नाही हे लगेच कळते. जो मेकॅनिक प्लग, मॅप आणि वायरिंग यांचे पैसे घ्यायला तयार असतो पण गेज लावायला तयार नसतो, त्याला उत्तर आधीच माहीत असते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. या टोलवाटोलवीच्या काळातच ठाणे-बेलापूर रस्त्यावर एक्झॉस्टमधून निळसर धूर येऊ लागला आणि एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन बसले.

इंजिन दुसरीकडे उघडले तेव्हा तिसऱ्या पिस्टनच्या रिंगांमधील कड तुटलेली निघाली. टाकीतील पंपाचा संच बाहेर काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली: पंपाला जोडलेला रबरी होज पेट्रोल लाइनचा असला तरी बाहेरून वापरायचा होता. टाकीत सतत बुडालेल्या होजला आतून आणि बाहेरून दोन्हीकडून इंधन सोसावे लागते. त्यासाठी एसएई जे-३० आर-१० या दर्जाचा वेगळा होज येतो आणि तो महाग असतो. साधा होज फुगतो, मऊ पडतो आणि कधी दाबाखाली चिरतो. अशा वेळी इंधन टाकीतच गळते, बाहेर एक थेंबही दिसत नाही आणि लक्षणे मात्र पंप गेल्यासारखीच दिसतात. माझा होज फुगला होता, पण फाटलेला नव्हता. म्हणून दोष पंपाचाच आहे का, हे वेगळे तपासणे भाग होते.

वागळे इस्टेटमध्ये इंजेक्टर साफ करून त्यांचा प्रवाह मोजून देणारे एक कारागीर आहेत. त्यांनी पंप चाचणीच्या द्रवात बुडवून, साडेतेरा व्होल्ट देऊन, दाब हळूहळू वाढवत मोजमाप घेतले. थंड असताना ३ बारला ताशी दीडशेच्या आसपास लिटर मिळाले, ४.२ बारला एकशे दहाच्या थोडे वर. पंप काही वेळ चालू ठेवून द्रव गरम झाल्यावर तोच आकडा ऐंशीच्या घरात आला आणि मोटरचा आवाज घोगरा झाला. माझी गरज शंभराच्या जवळ होती. सकाळी गाडी पळायची आणि दुपारी का अडखळायची, याचे उत्तर या आकड्यांतच होते. हे मोजमाप त्यांनी तारखेसह सही करून लिहून दिले.

खारघरच्या एका परिचिताने त्याच गॅरेजमधून तसाच पंप घेतला होता आणि त्याचा पूर्ण बंद पडला होता. माझा पंप पुरावा म्हणून न उघडता ठेवणे आवश्यक होते, तेव्हा आम्ही परिचिताचा पंप कापून पाहिला. इथेनॉल असलेल्या इंधनात तांबे झिजते आणि काळवंडते, म्हणून चांगल्या पंपांच्या मोटरमध्ये ब्रशखालचा कम्युटेटर, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कडे, कार्बनचा केलेला असतो. या पंपात तो तांब्याचा होता आणि झिजून खड्डे पडले होते. बाहेरचे फरक अस्सल पंप शेजारी ठेवल्यावर लगेच दिसतात: अस्सलच्या धातूच्या अंगावर क्रमांक कोरलेले होते, तर नकलीवरचे शाईने छापलेले होते आणि पेट्रोल लागताच पुसट झाले होते. पण टाकीत बसवलेल्या पंपाशेजारी अस्सल ठेवून पाहणार कोण? बसवण्यापूर्वी गॅरेजने मला जे दाखवले ते फक्त खोके होते, आणि खोक्याची छपाई निर्दोष होती.

आता बिलाकडे येतो. कागदावर 'फ्युएल पंप १ नग व फिटिंग' एवढेच लिहिलेले होते. कंपनीचे नाव नाही, भाग क्रमांक नाही, जीएसटी क्रमांक नाही. खाली शिक्का होता की रेसिंगच्या वस्तूंना वॉरंटी मिळत नाही. खोके मागितले तेव्हा ते फेकून दिल्याचे सांगण्यात आले आणि पैसे मालकाच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने घेतले गेले. त्या वेळी यातली एकेक गोष्ट निष्काळजीपणाची वाटली होती; एकत्र पाहिल्यावर त्यांत शिस्त दिसते. वाचवले ते एका व्हॉट्सॲप संदेशाने, ज्यात मालकाने स्वतःच पंपाचे पूर्ण नाव, भाग क्रमांक आणि किंमत लिहून पाठवली होती. वकिलांच्या सल्ल्यानुसार तो संदेश ज्या फोनवर आला तो फोनही मी बदललेला नाही.

तक्रार करणार असे सांगितल्यावर मला धमकीवजा सल्ला मिळाला की आरटीओपर्यंत गोष्ट गेली तर गाडी माझीच अडकेल. यात तथ्याचा अंश आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या फेरबदलांवर निर्बंध आहेत आणि कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. बदल केलेल्या गाड्यांचे मालक गप्प बसतात ते याच भीतीने, आणि विक्रेत्याचा धंदा चालतो तो या गप्प बसण्यावर. पण गाडीतील फेरबदल हा माझा आणि परिवहन खात्याचा विषय आहे. त्यामुळे खोट्या नावाचा माल विकण्याचा परवाना कोणाला मिळत नाही. व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम १०४ खाली खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवली तर तिचा क्रमांक पुढे उपयोगी पडतो.

ज्यांना पंप घ्यायचाच आहे त्यांनी तो बसवण्यापूर्वी स्वतःच्या हातात घ्यावा, बिलावर कंपनी आणि भाग क्रमांक लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत आणि शक्य असेल तर टाकीत जाण्याआधी आपल्या इंजिनाच्या कमाल दाबाला, गरम अवस्थेत, त्याचा प्रवाह मोजून घ्यावा. गॅरेजवाल्याने यावर तोंड वाकडे केले तर खरेदी दुसरीकडे करावी. पंप बसवून झाल्यावर शंका आल्यास तो कापून पाहण्याचा मोह टाळावा, कारण दोष सिद्ध करण्यासाठी तपासणी लागत असेल तर आयोग वस्तू मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि उघडलेल्या पंपाबद्दल समोरचा पक्ष काहीही म्हणू शकतो.

माझ्या नोटिशीला गॅरेजने उत्तर दिले आहे. त्यात म्हटले आहे की पंप ग्राहकाने स्वतः आणला होता आणि आम्ही केवळ फिटिंगची मजुरी घेतली. बिलावर नाव आणि क्रमांक का नव्हते, याचा खुलासा या उत्तराने आपोआपच झाला. व्हॉट्सॲपचा संदेश, यूपीआयची नोंद आणि चाचणीचा कागद जोडून तक्रार ठाणे जिल्हा आयोगात दाखल केली आहे, आणि पंप प्रयोगशाळेकडे पाठवावा या अर्जावर सुनावणी व्हायची आहे.